मनातल्या पानात मीठ

मी हिशेब तपासणारा माणूस. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही सवयच... स्वप्न, संकेत वगैरेंना कायम हसत आलो. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. मी गोरखीजवळ राहतो, थोरला भाऊ — दादा — किला गेटला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना कोणाकडे ठेवायचं यावरून भांडलो आणि बोलणं बंद झालं. एकाच बापाचं श्राद्ध दोन घरांत व्हायला लागलं. मी दोनदा गेलो. दादाने दार उघडलं नाही.

शेजारच्या मार्था आंटींनी बायबलमधला एक उतारा वाचून दाखवला. आशय असा — अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भाऊ नाराज असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव. आधी भावाकडे जा.

"दरवाज़ा ही नहीं खोलते, आंटी."

"तो भैया, पहले मन में जाओ. ऐसे, जैसे सुलह हो चुकी. और देखना, पहले तुम बदलोगे."

यंदाच्या पितृपक्षाआधी हे करायचंच, ठरवलं. रोज अंघोळीनंतर डोळे मिटून बसायचो. दादा पाटावर, मी वाढतोय. सुरुवातीला मनातसुद्धा हात आखडायचा. राग यायचा. तरी सोडलं नाही. हळूहळू तूप सैल हाताने पडू लागलं...

बायकोने एकदा विचारलं, काय काय वाढता? म्हटलं, भात, वरण, तूप.

"अहो, आणि मीठ? पानात आधी मीठ वाढतात. मनातल्या पाहुण्याला तरी धड जेवू घाला!"

दुसऱ्या दिवसापासून पानात डावीकडे, सगळ्यांत आधी मीठ.

त्याच आठवड्यात दादा दारात उभा! बसला, पाणी प्यायला.

"श्राद्ध यंदा एकत्र करू," म्हणाला. मग जरा चिडूनच, "आणि तू रे, रोज स्वप्नात येऊन वाढतोस, पानात मीठच नाही! खामखा वैताग. परवापासून मीठ वाढायला लागलास, तेव्हा म्हटलं, आता जावं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थिजली. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मीही नाही. आंटींना तर मिठाचं ठाऊकच नव्हतं. सगळ्या शक्यता तपासल्या... हिशेब आजही लागत नाही.

श्राद्ध एकाच घरी झालं. नंतर घरच्यांची पानं मांडल्यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. मीठ मीच वाढलं.