चारचा पंप

नवऱ्याला, आईला, लेकीला – कुणालाच हे मी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते.

मी आमच्या गावची आशा सेविका. कराडजवळचं, नदीकाठचं उसाचं गाव. कुणाच्याही घरात न विचारता शिरते, गोळ्या चुकवल्या म्हणून म्हाताऱ्यांना दटावते. दम्याचं कुणी असलं तर पंप चारचौघांसमोर ओढायला लावते. त्यात लपवण्यासारखं काय आहे, म्हणते. ऐकतात. माझा आवाजच तसा आहे.

पण मी स्वतः?

मला दमा लहानपणापासून. माहेर आटपाडीचं. लग्न ठरताना आईनं पंप माझ्या साड्यांच्या घडीत ठेवला आणि म्हणाली, तिथं कुणाला दाखवू नगंस. आईला दोष देत नाही. पुढं सगळं मीच केलं.

लग्नानंतर एकदा माहेरी गेले, तेव्हा सांगलीला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्रास कधी होतो, त्यांनी विचारलं. पहाटे, मी सांगितलं. मग ते म्हणाले, तुम्ही रोजचा पंप दुपारी चारच्या सुमाराला घेऊन बघा, आणि वेळ चुकवू नका.

चार वाजता! चारला सासरचं अख्खं घर चुलीपुढं चहाला. सासूबाई – आम्ही त्यांना आत्या म्हणतो – सासरे, दीर, जाऊ. तिथं पंप काढायचा? मी वेळ बदलली. सकाळी न्हाणीघरात, बादलीत नळ सोडून, त्या आवाजात ओढायचा. पंपाची वेळ मी ठरवली ती छातीकडं बघून नाही, दाराच्या कडीकडं बघून. बाहेर कुणी थांबलेलं असलं की तोही राहायचा. मग पहाटे छाती वाजायची. विचारलं कुणी, तर फोडणीचा ठसका.

इथपर्यंत माझं मलाच भोवत होतं. एवढंच असतं तर – तर मी तुम्हाला थांबवून घेतलं नसतं.

माझी धाकटी जाऊ वैशाली. तिला मूल झालं नाही. माझी लेक आरोही तिच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी – सगळं काकीचं. मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, हात मोकळे राहायचे.

आरोही शाळेत जायला लागली त्या वर्षी तिला धाप लागायला लागली. कराडला नेलं. आत्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी तपासलं, दमा आहे म्हणाले, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

माझा पंप तेव्हा माझ्याच पिशवीत होता. मांडीवर.

"न्हाई," मी म्हणाले. चटकन. अडखळलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर आत्यांनी कारण शोधलं. आमच्याकडं कारण शोधतात म्हणजे माणूस शोधतात. "या वैशालीनंच केलं. सारखं दही चारती, गार पाण्यानं न्हाऊ घालती. सोताचं असतं म्हंजी कळलं असतं." वैशाली परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? आरोहीचं दप्तर आवरायला आत गेले.

एक वाक्य पुरलं असतं – आत्या, मला हाय, माझ्याकडनं आलं असंल. काय झालं असतं? चार दिवस बोलल्या असत्या. मला हाकलून दिलं असतं का? नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून भीतीचं नाव पुढं करत नाही.

त्या दिवसापासून पोर काकीजवळ जायची बंद. ती रडायची, वैशाली दार लावून घ्यायची. पुढं दिराला शिरवळला कंपनीत काम लागलं आणि दोघं तिकडं गेली. नोकरीसाठी गेली, असं मी लोकांना सांगते.

आरोहीलाही डॉक्टरांनी चारचीच वेळ दिली होती; तिचा पंप मी एकदाही चुकू दिला नाही. सगळ्यांसमोर द्यायचे. पुढं आशा झाले, दुपारी बाहेर पडायला लागले, तशी कुणाच्या तरी बांधावर मीही चारची वेळ साधली. मला मानवली. पहाटेचा त्रास गेला. आता एसटी पळत धरते. लेक सांगलीला कॉलेजात आहे, व्हॉलीबॉल खेळते. दोघी ठणठणीत आहोत, यात खोटं काही नाही.

यंदा गावच्या यात्रेला वैशाली आली होती. केस पिकलेत. आरोहीनं आल्याआल्या मिठी मारली, तर ही अंग चोरून उभी राहिली. पुरणपोळी तिनं केली, पण आरोहीच्या पानात वाढायला मला सांगितलं.

निघताना मी तिला फाट्यावर सोडायला गेले. गाडी यायची होती. तिनं एकदम माझा हात धरला.

"अक्का, इतकी वर्सं बोलायचं हुतं. माझ्या हातनं पोरीला लय सोसावं लागलं. मला कळत नव्हतं वो तवा. मनात ठिवू नगा."

म्हणजे हिनं ते खरं धरलं होतं? आत्यांनी रागात बोललेलं, मी खोडून न काढलेलं – हिनं इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं?

तोंड उघडायला वेळ भरपूर होता. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे गं," मी म्हणाले. "मी कवाच इसरले."

तिनं पदरानं डोळे पुसले. हलकी झाली. मला तिनं चांगली म्हटलं.