नागपूरची प्रत

दांडेकर पूल ओलांडला तेव्हा वैजनाथ पहिल्यांदा बोलला. मार्केट यार्डामागच्या आमच्या ऑफिसातून निघाल्यापासून दोनदा बस आली, दोन्ही वेळा त्याने नको म्हणून मान हलवली. मला वडगावला जायचं होतं, गुडघा कुरकुरत होता. पण दुपारीच नोकरीवरून काढलेल्या माणसाला एकट्याने कसं जाऊ द्यायचं, म्हणून मीही चालत राहिले.

"काकू, मी साहेबांना विचारलं होतं जी."

"माहीत आहे रे. मी तिथेच समईत तेल घालत होते."

वैजनाथ वाशिमचा. आमच्याकडे डॉक्टर लोक पेशंटचे एक्सरे, स्कॅन, रिपोर्ट साठवायला देतात. मी त्यांवर नावं चढवते, आणि ते ज्या मोठ्या मशीनमध्ये राहतात ती वैजनाथ सांभाळायचा. पुण्यात आग लागो की पूर येवो, रिपोर्ट वाचले पाहिजेत, म्हणून त्याने नागपूरला दुसरं मशीन लावलं होतं. रोज रात्री ठरल्या वेळी इथलं सगळं आपोआप तिकडे उतरायचं. इथे नवं आलं की तिथे येणार, इथलं पुसलं की तिथलंही पुसणार. हे पुसण्याचं त्याला पटत नव्हतं. जुन्या प्रती आठवडाभर तरी ठेवू या, म्हणून तो मालकांच्या, अनिरुद्ध साहेबांच्या, मागे लागला होता.

"अडगळ साठवायची सवय वाशिमला ठेवून यायचं," साहेब म्हणाले.

रोज आल्या आल्या तो नागपूरचं मशीन उघडायचा आणि कुणा अनोळखी माणसाचा एखादा रिपोर्ट उघडून बघायचा. "उघडला. म्हणजे जिवंत आहे." मग डबा टेबलाखाली ठेवायचा. शेजारचा पियुष त्याच्या बोलण्याची नक्कल करायचा, "काय वैजनाथ, काय करून राहिलास?" तोही हसायचा.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी मशीन बंद करून पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि संध्याकाळी पुन्हा चालू करतो. यंदा साहेबांच्या गुरुजींनी सांगितलं, पूजेतली हत्यारं दसऱ्याच्या सकाळीच उचलायची. मोठी मशीन बंद झाली. नागपूरच्या कामाची वेळ सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर मात्र कोपऱ्यात चालूच राहिला. त्यालाही गंध लागलं होतं.

"साहेब, आज रात्रीचं काम थांबवतो," वैजनाथ म्हणाला. "इथं रिकामं दिसलं तर तो तिकडचंही रिकामं करून टाकेल."

साहेबांनी त्याचा हात धरून कीबोर्डवरून बाजूला केला. "पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. एक रात्र तुमच्यावाचून चालेल हो जगाचं."

मग त्यांनी मशीनच्याच कडेवर नारळ फोडला. पाणी जाळीतून आत गेलं. सगळ्यांनी प्रसाद घेतला, साहेबांनी कुलूप लावलं.

दसऱ्याला बटण दाबलं आणि धूर निघाला. डिस्क जळाल्या. "नागपूर आहे की!" साहेब पेढा खात म्हणाले. वैजनाथने नागपूर उघडलं. आत काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून फोन मीच घेत होते. एक बाई म्हणाल्या, "ह्यांचा आधीचा स्कॅन हवाय, गाठ वाढली की कमी झाली ते बघायचंय." त्यांना काय सांगायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरांच्या मीटिंगला मी आत गेलो ना," वैजनाथ चालता चालता सांगत होता, "त्याआधी साहेब म्हणाले, चूक तुझी म्हण, नोकरी राहील. मी म्हटलं, काम थांबवायला मी विसरलो. एक डॉक्टर म्हणाले, आईचा रिपोर्ट असता तर विसरला असतास का? बाहेर आलो तर पियुष म्हणतो, डेटा काय करून राहिला? मागून कुणी तरी म्हणालं, उडून राहिला. सगळे हसले."

"आणि आज काढलं."

"हो. म्हणाले, डॉक्टरांना काहीतरी दाखवायला पाहिजे ना."

राजाराम पुलाशी तो थांबला. मला कळलं तो कशावर येतोय. आमच्या भजनी मंडळातल्या ललिताताईंच्या पुतणीशी, नम्रताशी, त्याचं जवळजवळ ठरलेलं होतं. स्थळ मीच सुचवलं होतं. गुरुवारच्या भजनाला त्या मला मुलाबद्दल शेवटचं विचारणार होत्या.

"मी त्यांना खरं ते सांगते," मी म्हटलं. "पांडुरंगासमोर बसून सांगते."

"नका सांगू. त्यांचे दीर, नम्रताचे काका, त्याच डॉक्टरांतले. खरं तिकडे गेलं की ते कोर्टात जातील, आणि साहेब माझा अनुभवाचा दाखला अडवतील. तसं बोललेच ते. दाखल्याशिवाय मला मशीनला कोण हात लावू देईल?"

"मग विसरला एवढंच म्हणते. नम्रता समजून घेईल."

"घेईल जी. तेच तर. दुपारी फोनवर म्हणाली, दुसरी नोकरी मिळेल, मी थांबते. पण थांबली तर कधीतरी विचारेल, नक्की काय झालं होतं. तिच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही, आणि खरं कळलं तर ती काकाशी बोलल्याशिवाय राहणार नाही."

तो रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"तुम्ही कधी खोटं बोलत नाही, हे ललिताताईंना माहीत आहे. त्यांना सांगा काकू, पोरगा कामचुकार आहे, मी जवळून पाहिलाय. पोरगी देऊ नका."