भस्माची वीट

अल्लीपूरच्या वासुदेवरावांना कशाचाही पटकन वीट येई, आणि धंदा मात्र विटांचा! गावातले टगे हा विनोद त्यांच्या तोंडावर करत. वासुदेवरावांना त्या विनोदाचाही वीट आला होता.

शेत काळ्याभोर मातीचं. कपाशीला सोनं, पण विटेची वैरी. कच्ची वीट उन्हात ठेवली की भेगाळायची, निम्मा माल फुटायचा आणि पुन्हा शेत खणावं लागायचं. खणता खणता एक कोपरा पुरुषभर खोल गेला, खड्डा कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीला जाऊन भिडला. बापानं कसलेलं शेत आपण टोपल्याटोपल्यानं खातोय, या विचारानं वासुदेवरावांना घास गोड लागेना.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. त्यांचा मेहुणा भैयाजी नागपूरला कापसाच्या गाठी पोचवून रिकाम्या ट्रकनं परतायचा. सिंदीच्या एका वीटवाल्यानं सांगितलं म्हणून त्यानं येताना तिथल्या वीजघरामागच्या ढिगातली राख भरून आणली. कोळसा जळून उरलेली, पिठासारखी मऊ. तिकडे तिला राखड म्हणत आणि कुणी फुकट नेली तरी उपकार मानत. वासुदेवरावांनी निम्म्या मातीत निम्मी राखड कालवली. विटा वाळल्या, एकीलाही भेग नाही. भट्टीला जळणही कमी लागलं, कारण राखेतच थोडा कोळसा उरलेला होता. त्या दिवशी हा माणूस भट्टीभोवती चक्क हसत फिरला. खणणं निम्म्यावर येणार होतं, उरलेलं शेत वाचणार होतं.

पण विटा विकल्या जातील तर ना! ट्रकमधून राख उतरताना अख्ख्या गावानं पाहिली होती. महादेवाच्या देवळाला सभामंडप बांधायचं ठरलं, तेव्हा पंचांचे म्होरके रूपराव भट्टीवर आले. विटेला हात न लावता लांबूनच म्हणाले, "वासुदेवराव, राखेची वीट देवाले चालत नाई. कोणाच्या चितेची राख हाये, कोणाले मालूम?"

"कोळशाची हाये. कोळसा काय तुमचा सोयरा होता?"

"राख ते राखच. पाहिजे तर मसणातल्या ओट्याले वापरू."

आणि खरंच, गावातून तेवढीच मागणी आली. वासुदेवरावांना शिसारी आली. याच रूपरावांच्या घरी चुलीतल्या राखेनं भांडी घासत, राखुंडीनं दात घासत. तोंडात चालते, भिंतीत चालत नाही! थू असल्या सोवळ्यावर!

पावसाळा सरला तरी थप्पी हलली नाही. नुसत्या मातीच्या विटांसाठी मजूर पुन्हा कुदळी घेऊन बांधावर आले, तशी बायको देवकाबाई कावली. "राख राख काऊन करता? भस्म म्हणा भस्म, मंग पाहा कशे धावतात!"

ती टोमणा मारत होती. पण तो शेजारच्या आनंदाबाईच्या कानावर पडला, आणि तिच्या कानावर पडलेलं गावभर व्हायला एक आठवडी बाजार पुरे होता. वासुदेवरावच्या विटेत महादेवाचं भस्म हाये म्हणे! रूपराव पुन्हा आले. या खेपेला त्यांनी वीट उचलून कपाळाला लावली.

"आधी काऊन नाई सांगतलं?"

"आधी तेच तं सांगून राह्यलो होतो!"

"तुम्ही राख म्हणून राह्यले होते," रूपरावांनी त्यांची चूक सुधारली.

सभामंडप त्याच थप्पीतून उभा राहिला. बायाबापड्या भट्टीवरच्या राखडीच्या ढिगातली चिमूट पदरात बांधून नेऊ लागल्या. वासुदेवराव ओरडणार, "बाई, हे कोळशाचं उष्टं हाये!" तोच देवकाबाई म्हणाली, "गप राहा. शेत वाचवाचं हाये का नाई?"

मंडपाच्या पूजेला रूपराव चांदीच्या वाटीत राखड घेऊन ओळीनं सगळ्यांच्या कपाळावर तीन बोटं ओढत आले. खरं बोलावं, वाटी उलथून टाकावी, असं वासुदेवरावांना वाटलं. समोर विटांची मागणी घेऊन आलेली चार गावची माणसं हात जोडून बसली होती. त्यांची किळस आली, रूपरावांची आली, आणि स्वतःची तर इतकी की डोळे मिटून घ्यावे लागले.

"भस्म, वासुदेवराव," रूपराव म्हणाले.

वासुदेवरावांनी कपाळ पुढे केलं.