कुबेराचा सवाल

पुण्यात कॉलेज संपलं तेव्हा माझ्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक इन्व्हेस्टमेंट बँकेतली, दुसरी प्रायव्हेट इक्विटीतली. चिकोडीजवळच्या आमच्या गावात हे शब्द समजावता समजावता माझी जीभ झिजली. शेवटी मी सोपं करून टाकलं. बँकेत कंपनी विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायची, दलाली घ्यायची आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचं. दुसरीकडं कंपनी आपणच विकत घ्यायची, चार-पाच वर्षं सांभाळून वाढवायची, मग विकायची.

"मग इचार कसला करतोस? बँक धर," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील, त्यांची निपाणीत तंबाखूची दलाली. सौदा ठरला की हात झटकून मोकळं व्हायचं, पुढं माल भिजो नाहीतर सडो, असा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांच्या शब्दाबाहेर जायची आमच्या घरात पद्धत नव्हती. उत्तर कळवायला थोडेच दिवस उरले होते आणि नेमकी गावात पंचकल्याणक पूजा आली, देवळातल्या नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठेची, काही दिवस चालणारी.

आमच्या जैन समाजात पूजेचे मान सवालानं देतात. इंद्र कोण, कुबेर कोण, यासाठी मंडपात बोली लागते. जो जास्त बोलेल त्याचं जोडपं मुकुट घालून पूजेला बसतं. सवाल पुकारायला मी. खोटं कशाला बोलू, माझ्यासारखा पुकारणारा पंचक्रोशीत नव्हता. कानडीत सुरुवात करायची, मराठीत टोमणा मारायचा, भावाभावांत चुरस लावून द्यायची, की चिक्कू माणूससुद्धा हात वर करी. सवाल संपले की मी मोकळा. कुठल्याही पूजेला शेवटपर्यंत थांबल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी कुबेराचा सवाल अडला. "भाग्य दारात आलंय, हात आखडू नका," मी ओरडत होतो. ओरडता ओरडता माझं मलाच वाटलं, एवढं भाग्याचं आहे तर दर वेळी दुसऱ्याच्या गळ्यात का घालतोस? मी माईक समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला, खाली उतरलो आणि बोली वाढवली.

मंडपात हशा पिकला. "पुकारणाराच घेणार व्हय रं?" अध्यक्ष म्हणाले. "पर तुझं लगीन कुठं झालंय?"

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग सवाल माझा, पण नाव आप्पा आणि आईचं, असं ठरलं. आईला आभाळ ठेंगणं झालं. आप्पा मात्र खाऊ की गिळू असे माझ्याकडं बघत होते.

पूजा संपेपर्यंत आप्पा पिवळं धोतर नेसून, मुकुट घालून बसले. जेवण एकदाच, बाजार बंद, फोन बंद. मीही पहिल्यांदाच थांबलो. त्यांच्या मागं बसून ताटात फळं मांडून देत होतो, समईतलं तेल बघत होतो. पुकारण्यात मजा होतीच, पण थांबण्यात मला जास्त आली, हे छातीठोकपणे सांगतो. शेवटच्या दिवशी मी आप्पांच्या कानाशी लागलो.

"आप्पा, बँकेला न्हाय म्हणून कळवलं."

पूजेत त्यांना बोलता येत नव्हतं. मुकुटावरचे मणी तेवढे हलले.

पूजा झाल्यावर त्यांनी मुकुट काढला. कपाळावर लाल वळ उठला होता. आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीनं उभा राहिलो. माघार घ्यायची नाही, हे पक्कं होतं.

"इकत घेऊन सांभाळायचं तुझं काम," ते वळ चोळत म्हणाले, "वंगाळ न्हाय. बसलं की जीव गुततोय माणसाचा."

मी आनंदानं त्यांच्या पाया पडलो.

"पर एक ध्यानात ठेव," मुकुट माझ्या हातात देत ते म्हणाले. "हितं घेतलंस तू आणि बसलो मी. तिथं तरी तुझं तू बस."