गाडी कोणी बनवली

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. वाचणारं कोणी नसलं तरी मागते. चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पाचवीसाठी नदीपलीकडे जावं लागायचं, आणि मुलीला कोण पाठवणार. हे कागद युनिटमधले आहेत, मागची बाजू कोरी असते. मागितले तेव्हा सुपरवायझर म्हणाले, घरचा हिशेब लिहायला का? मी हो म्हणाले. चार माणसांसमोर बोलायला मला जमत नाही, आणि खरं सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. जे बोलता आलं नाही ते लिहून ठेवते.

निघोज्याला आमचं युनिट आहे. गाडीच्या मागे चिकटवायचे बॅज तिथे येतात. आत प्लास्टिक असतं, वरून चांदीसारखी चकाकी. आम्ही बायका त्यांच्या पाठीला डबल टेप लावतो, कडेनं बोट फिरवून दाबतो, आणि ट्रे भरून ठेवतो. नखं वाढवायची नाहीत, हाताला तेल लागलेलं चालत नाही. भरलेले ट्रे चाकणच्या मोठ्या कंपनीत जातात. तेव्हा आमचे हे त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. लाइनच्या अगदी शेवटी, जिथे गाडी पुरी होऊन उभी राहते आणि तिला बॅज लावतात, तिथे त्यांची जागा होती.

त्यातल्या एका बॅजवर तीन तिरप्या पट्ट्या असायच्या, लाल, राखाडी आणि काळी. तो थोड्याच गाड्यांना लागायचा. पट्ट्यांचा ट्रे माझ्या टेबलावर आला की मी घरी सांगायचे, आज तुमच्याकडे माल पाठवलाय. दोन-तीन दिवसांनी हे म्हणायचे, तुझा माल लावला बरं का, सरळ लावला. आमच्या संसारात थट्टा एवढीच होती.

लाइनवर सगळे म्हणायचे की पट्ट्यांची गाडी वेगळी. कंपनीचं परदेशात रेसच्या गाड्यांचं एक वर्कशॉप आहे, तिथे एकेक इंजिन एकच माणूस हातानं जोडतो, आणि तशाच गाड्यांना हा बॅज मिळतो. हे कोणी पहिल्यांदा सांगितलं ते कोणाला माहीत नव्हतं. तिथल्या सुपरवायझरनं नवीन पोरांना सांगितलं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं. हे घरी येऊन मला सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज जरा हळू व्हायचा, देवळातल्यासारखा.

आम्ही तेव्हा पुनावळ्याला राहायचो. जुन्या गावठाणात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दहा खोल्या होत्या, त्यातली एक आमची. त्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. त्यांची शेती बिल्डरला गेली होती आणि पैसा आला होता, पण आबा अजून सकाळी उठून जिथे शेत होतं तिकडे चक्कर मारून यायचे. आमच्या दारातून समोर एक नवी इमारत दिसायची. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक रूम-किचन आम्ही बुक केलं होतं. लग्नापासून साठवलेलं सगळं त्यात भरलं होतं. मुलगी खिडक्या मोजून दाखवायची, ती बघ आपली. खिडकीला अजून गज लागले नव्हते.

मग त्या मॉडेलची लाइन बंद झाली आणि कॉन्ट्रॅक्टवरची माणसं कमी केली. ह्यांनी दुसरीकडे फिरून पाहिलं. जमेना, तेव्हा जुन्या गाड्या दाखवायचं काम धरलं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला भेटवायचं, दोन्हीकडून थोडं कमिशन घ्यायचं. लाइनवर काम केलेला माणूस म्हणून लोक विश्वास ठेवायचे.

आबांच्या मुलाला पळणारी गाडी हवी होती. ह्यांनी पट्ट्यांची एक शोधून काढली. कॉम्प्युटर कंपनीतल्या एका साहेबांची होती, ते देश सोडून निघाले होते. लाल रंगाची, तीन-चार वर्षं वापरलेली, पण चकचकीत. त्याच वर्षाच्या साध्या गाडीपेक्षा तिची किंमत बरीच जास्त होती. आबांनी विचारलं, एवढं का म्हणून? हे म्हणाले, “आबा, ही साधी नाही. हिचं इंजिन त्या वर्कशॉपचं आहे. हा बॅज मी स्वतःच्या हातानं लावत होतो, मला माहीत नसणार तर कोणाला?”

आबा म्हणाले, “ज्यानं केली त्योच सांगतोय म्हंजी झालं.”

पूजा अंगणात झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक. काकूंनी गाडीला कुंकू लावलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, हात पुढं करा. ह्यांनी केले. काकूंनी दोन्ही हातांना कुंकू लावलं. म्हणाल्या, “ह्या हातांनी केली नव्हं आमची गाडी.” खोल्यांतली सगळी माणसं बघत होती. हे त्या दिवशी दुपारी जेवायला बसले तेव्हा उजवा हात धुवावा लागला, पण डावा त्यांनी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

अशा गाड्यांचे मालक रविवारी सकाळी हायवेवरच्या एका हॉटेलात जमतात. आबांचा मुलगाही गेला. तिथे जे झालं ते त्यानं नंतर आमच्या दारात उभं राहून सांगितलं. कोणीतरी त्याला बॉनेट उघडायला लावलं. तो म्हणाला, खऱ्या गाडीच्या इंजिनावर धातूची एक छोटी पाटी असते आणि ज्यानं इंजिन जोडलं त्याची सही तिच्यावर असते. ह्या गाडीत पाटी नव्हती. मग बाकीच्यांनीही आपापली बॉनेटं उघडली. बऱ्याच गाड्यांत पाटी नव्हती. भांडण लागलं. एक म्हणाला, ते वर्कशॉप वेगळंच होतं, कंपनीनं नंतर विकत घेतलं, आधीच्या गाड्यांवर सही नसतेच. दुसरा म्हणाला, वर्कशॉप फक्त स्प्रिंगा बनवतं, इंजिन नाही. तिसरा म्हणाला, इकडे सगळं खोक्यांतून येतं आणि चाकणला जोडतात, सही कोण करणार, वॉचमन? लोक हसले. एक जण आपलं बॉनेट न उघडताच निघून गेला. आबांच्या मुलाच्या गाडीला त्यांनी टिकलीवाली नाव ठेवलं. तो म्हणाला, “राव, एवढे पैसे देऊन टिकली घेतली आम्ही.”

हे म्हणाले, बॅज खरा आहे, मी शपथ घेतो. तो खराच होता. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी हे कंपनीच्या गेटवर जाऊन जुन्या लाइन लीडरला भेटले. शिफ्ट सुटायची वाट बघत उन्हात उभे राहिले. लीडर म्हणाला की पट्ट्या दोन तऱ्हेच्या गाड्यांना लागायच्या. एक खरी वर्कशॉपची, ती परदेशातून पूर्ण तयार यायची, इकडे तिला कोणी हातही लावला नाही. दुसरी आपली नेहमीचीच, फक्त सीट वेगळी, चाकं वेगळी, आणि मागे तोच बॅज. कंपनी तशीच विकायची, कागदावर तसं लिहिलेलंही असायचं. हे म्हणाले, मग आम्हाला का नाही सांगितलं? लीडर म्हणाला, “भावा, बॅज लावायचा का नाही एवढंच शीटवर यायचं. कशापायी लावायचा ते मलाही कोणी सांगितलं नाही.”

मीही युनिटमध्ये विचारलं. सकाळी विचारीन म्हटलं आणि सुटायच्या वेळी विचारलं. सुपरवायझर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आपल्याला टेप लावायचीय ना बाई.

ह्यांनी गाडी विकणाऱ्या साहेबांना फोन केला. त्यांनी एकदाच उचलला. म्हणाले, मी इंजिनाबद्दल काही बोललो होतो का? गाडीला बॅज होता, तशी दिली. तेही खरं होतं. त्यांनी शब्द दिला नव्हता. शब्द ह्यांनी दिला होता.

आबांनी अंगणात बोलावलं. आबांचा मुलगा, त्याचे दोन मित्र, आणि एका गॅरेजचे मिस्त्री होते. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, मी बाहेर तुळशीजवळ. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि सांगितलं, इंजिन साधंच आहे, चांगलं आहे, पण साधं. आबा बराच वेळ आत बघत राहिले. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं. मग हळूच म्हणाले, “भाऊ, मला येवढंच दाव. कोनी बनिवली हिला, त्याचं नाव कुठं हाय?”

“मी बनवली, आबा,” हे म्हणाले. “माझ्यासारख्या तीनशे जणांनी. आमचं नाव कोण लिहितंय?”

मुलाचा एक मित्र हसायला लागला आणि थांबला. मला वाटलं आबा काहीतरी म्हणतील. आबांनी बॉनेट खाली टाकलं, ते नीट लागलं नाही, तेव्हा ह्यांनीच पुढे होऊन दोन्ही हातांनी दाबून लावलं. सवयीनं.

आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, साध्या गाडीचं जे होतं ते आमी दिलं, वरचं तुज्या शब्दावर दिलं. वरचं परत कर. मिस्त्रींनी आकडा सांगितला. ह्यांना त्या व्यवहारात जे कमिशन मिळालं होतं त्याच्या कितीतरी पट तो होता. हे नाही म्हणू शकले असते. आमच्या शेजारच्यांनी सांगितलं, कोर्टात टिकणार नाही, गप्प बसा. मी रात्रभर वाट बघत होते की हे नाही म्हणतील. सकाळी हे आपल्या तळहातांकडे बघत बसले होते. मग उठून म्हणाले, देऊन टाकू.

बुकिंग रद्द केलं. बिल्डरनं कापून जे दिलं ते आबांना दिलं. निम्म्यापेक्षा थोडं जास्त झालं. उरलेलं महिन्याला देऊ असं ठरलं. मुलीला सांगितलं की ती खिडकी आता दुसऱ्यांची. तिनं विचारलं, आणि आपली कुठली? त्यानंतर तिनं खिडक्या मोजल्या नाहीत. इमारत पूर्ण झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर कोणाचे तरी कपडे वाळत घातलेले दिसायला लागले. मग आम्ही पुनावळं सोडलं आणि निघोज्याला एक पत्र्याची खोली घेतली. युनिट जवळ पडतं, एवढं मी सगळ्यांना सांगते.

गाड्या दाखवायचं काम ह्यांना कोणी देईना, आणि त्यांनाही नको होतं. ते कंपन्यांच्या माणसांची बस चालवायला लागले. सुरुवातीला सिग्नलला पट्ट्यांची गाडी दिसली की मला सांगायचे. नंतर सांगेनासे झाले. मी मात्र अजून त्याच टेबलावर आहे. मॉडेल बदललं, पट्ट्या तशाच आहेत. ट्रे आला की मी घरी सांगत नाही.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी हप्ता मी नेऊन द्यायचे. हे हायवेला थांबायचे, मी गावठाणात जायचे. गाडी अंगणात कव्हरखाली असायची. काकू पैसे घ्यायच्या आणि नजर चुकवायच्या, चहा विचारायच्या नाहीत. नंतर आबांच्या मुलानं सांगितलं, पैसे फोनवरून टाकत जा. तसं करायला लागलो. त्यात बरीच वर्षं गेली. मुलीची दहावी झाली आणि पुढे कॉलेजला घालता आलं नाही. ती आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचं बोट माझ्यापेक्षा चपळ चालतं.

शेवटचा हप्ता हातात द्यायचा असं ह्यांनी ठरवलं. धुतलेला शर्ट घातला. मला म्हणाले, तूही चल. गावठाणात खोल्यांच्या जागी आता पार्किंग होतं. आबा बाजेवर बसले होते, खूप थकलेले. त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, या. ह्यांची नजर अंगणात फिरली. गाडी नव्हती, कव्हरही नव्हतं.

“गाडी दिसत नाही, आबा.”

“पोरानं इकली की. झालं आता वरीस-दीड वरीस. नाशिककडचं मानूस व्हतं. चांगलं आलं तिचं.”

“बॅजसकट?”

“बिल्ल्यासकट. बिल्ला बगूनच घेतली त्यानं.”

ह्यांनी मग विचारलं, “बॉनेट उघडून बघितलं का त्यांनी?”

“कोन बगतंय भाऊ,” आबा म्हणाले. “समदी मागूनच बगत्यात.”

मला वाटलं, आता हे हप्त्याचं पाकीट खिशातच ठेवतील. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आत काकूंनी कपबश्या मांडल्याचा आवाज येत होता, ह्या वेळी चहा विचारला होता. ह्यांनी पाकीट काढलं, दोन्ही हातांनी आबांच्या समोर ठेवलं. आबांनी बोट जिभेला लावून एकेक नोट मोजली, मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मोजून झाल्यावर म्हणाले, “शब्दाला जागलास.”

काकू चहा घेऊन आल्या. आबांनी पाकीट उशीखाली ठेवलं आणि काकूंना सांगितलं, “ह्यांचं समदं फिटलं बरं का.”