तांदळाच्या डब्यातले पाच मोबाईल

रत्नागिरीत सगळ्यांत लवकर झोपणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी माझ्या बायकोच्या मामांचं नाव सांगेन. साडेआठला मामा आडवे होत आणि साडेचारला उठत. आठ तास, ना मिनिट कमी, ना जास्त. जग त्यांच्यासारखं झोपत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

२००६ साली निवृत्त झालेले मामा आमच्या घरामागच्या मैदानात बारा मुलींना खो-खो शिकवत. फी घेत नसत, पण संध्याकाळचा सराव संपला की उशीचा अभ्रा पुढे धरत. जिच्याकडे मोबाईल असेल तिने तो त्यात टाकायचा. जिच्याकडे नसेल तिने घरच्या टीव्हीचा रिमोट आणून द्यायचा. पाच मोबाईल, सात रिमोट. सकाळी सहाला मैदानात आलं की वस्तू परत. सातवा रिमोट आमचा, कारण माझी मुलगी त्या बारांत होती.

"मामा, मालिका आत्ता कुठे रंगात आली होती," बायको म्हणाली.

"रंगू दे. डोळ्यांत उजेड गेला की पायांतला वेग जातो."

टीव्हीला बटणंही असतात, हे मामांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. पण बटण दाबायला उठायचा कंटाळा येऊन आमचा टीव्ही खरोखरच बंद राहू लागला.

घरी नेल्यावर मामा तो अभ्रा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवत. एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. त्या दिवशी माझ्यामुळे त्यांना जागावं लागलं होतं आणि ते मला दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होते. साडेनऊला डबा गुरगुरला.

"वाजू दे," मामा समाधानाने म्हणाले. "जावईबापू, तेवढी एक पोर आज शांत झोपली."

मुली किती झोपतात याची वही माझ्याकडे होती. आकडे मांडायची मला आवड, म्हणून मामांनी ती मला दिली. तीन आठवड्यांनी रविवारी सरासरी काढली. अकरा जणींची झोप वाढली होती. एकीची आठ तासांवरून पाचावर आली होती. ती रुखसाना, मूळची नाटे गावची, इथे बंदराजवळ खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहणारी. खांबापाशी तिच्यासारखी झेप कुणाची नव्हती, पण हल्ली पाठलागात ती मागे पडत होती, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड दहा दिवसांवर आली होती.

मी पान मामांपुढे ठेवलं. सकाळी त्यांनी तिला बाजूला बोलावलं.

"काय गो, झोपत का नाहीस?"

"अब्बांचा फोन साडेनऊला येतो, सर. दुबईत तेव्हा आठ वाजतात, त्यांची ड्युटी सुटते. खालाकडे फोन नाय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"नियम सगळ्यांना सारखा, असं तुम्हीच म्हणालात. मला माहीत असतं, तो वाजतोय. मग झोप येत नाय."

मामा बराच वेळ अभ्र्याची घडी घालत राहिले. "रोज वाजायचा तो," एवढंच मला म्हणाले.

फोन तिच्याकडेच राहू द्या, असं मी सुचवलं. ते मामांना पटलं नाही. बाकीच्या चौघींना काय सांगायचं? त्या दिवसापासून ते सव्वानऊला तो एक मोबाईल खिशात घालून चालत बंदराकडे जात, तिच्या दारातल्या पायरीवर बसत, दहा मिनिटं बाप-लेकीचं बोलणं ऐकू येणार नाही अशा बेताने समुद्राकडे तोंड करत, आणि फोन परत घेऊन येत.

रुखसाना जिल्ह्याच्या संघात आली. माझी मुलगी नाही आली. तिची झोप आठ तास होती, वेग नव्हता.

पुढे रुखसाना लग्न होऊन वेळणेश्वरला गेली. तरी मामांना साडेदहाशिवाय झोप लागेना, आणि जाग मात्र साडेचारलाच येई. शेवटपर्यंत तसंच राहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्यांचंही नाव घातलं आहे. तिला तीन तास परत मिळाले. त्यांचे दोन गेले. ते त्यांनी कधी मागितले नाहीत.