सबनीसांनी घरी नेलेला सुरण

विद्याधर सबनीसांना स्वतःविषयी एकच गर्व होता, तो म्हणजे आपल्याला कुणी फसवू शकत नाही. उमेदीची सगळी वर्षं बँकेत घालवलेला माणूस. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या शाखेतून निवृत्त होताना कुणीतरी भाषणात म्हणालं होतं, की सबनीस सारांच्या टेबलावरून खोटा कागद कधी पुढे गेला नाही. खरा कागदसुद्धा सहसा गेला नाही, असं ते स्वतःच घरी येऊन सांगत आणि अर्चनाबाईंच्या आधी हसून घेत. आपण आधी हसलो की दुसऱ्याला हसायला फारसं उरत नाही, हा त्यांचा जुना हिशेब होता.

निवृत्तीनंतर अण्णा नगरच्या घरात बसून बायकोच्या फोडणीवर देखरेख करायची, असा त्यांचा बेत होता. तो अर्चनाबाईंनी आठवड्याभरात मोडून काढला. तेवढ्यात आवडी नावाच्या उपनगराच्या पलीकडच्या सहायम विद्यापीठाला वित्त अधिकारी हवा असल्याची जाहिरात आली आणि सबनीस तिथे रुजू झाले. ही गोष्ट दोन हजार चार सालची.

सहायम हे नावाने विद्यापीठ आणि जिवाने शाळा. कुण्या मिशनरी बाईने चिंचेच्या झाडाखाली शिक्षिकांचा वर्ग काढला, तो वाढत वाढत अभिमत विद्यापीठ झाला. चेन्नईत जिकडेतिकडे संगणकाच्या कंपन्या निघाल्या होत्या, त्यामुळे संगणक विभागात बसायला जागा नसे आणि त्यांच्या फीवर बाकीचं घर चाले. त्या घरातलं सगळ्यात न कमावतं पोर म्हणजे कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांचा विभाग. विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याएवढ्या, फी नावापुरती, आणि सरावासाठी बधिर मुलांची एक शाळा कडेवर घेतलेली. विभागप्रमुख मिस सेल्वमणी. त्या कधी काही मागायला येत नसत, त्यामुळे त्यांना काही मिळतही नसे.

दुसऱ्या वर्षी सबनीसांनी विद्यापीठाच्या आर्थिक तब्येतीवर टिपण लिहिलं आणि हा विभाग बंद करावा, अशी शिफारस केली. त्यात ‘आकड्यांना भलेपणा कळत नाही’ असं एक वाक्य होतं. खरं तर त्यांनाही मिस सेल्वमणींचं वाईट वाटत होतं, पण ते वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की टिपण मागे घेणं म्हणजे त्या वाक्यावर अन्याय झाला असता. बिशपांच्या अध्यक्षतेखालच्या नियामक मंडळाने मधला मार्ग काढला. यंदा चर्चमध्ये कापणीच्या सणाला होणाऱ्या लिलावाचे सगळे पैसे या विभागाला द्यायचे. वर्षाची तूट भरून निघाली तर विभाग राहील, नाहीतर उन्हाळ्यात कुलूप. केळी-नारळ विकून हे लोक विभाग चालवणार, म्हणून सबनीस गालातल्या गालात हसले.

सणाच्या रविवारी कुलगुरू डॉक्टर ज्ञानमुत्तूंनी त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. प्रार्थना झाली आणि चर्चच्या पटांगणात मांडवाखाली लिलाव सुरू झाला. टेबलांवर केळीचे घड, ऊस, शहाळी, मुरुक्कूचे, म्हणजे तिकडच्या चकल्यांचे डबे, एक चिडलेला कोंबडा. एरवी मोजून बोलणारे कुलगुरू हातात माईक आल्यावर ओळखू येईनात. एक लिंबू पाचशेला गेलं. सबनीसांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने आणखी एक लिंबू सहाशेला गेलं. एवढी लिंबं आणि एवढे पैसे असणाऱ्या लोकांना वित्त अधिकारी कशाला लागतो, हेच त्यांना कळेना. घेणारा माणूस लिंबू टेबलावरच विसरून जात होता, हेही त्यांच्या बँकेत मुरलेल्या नजरेने टिपलं आणि या मंडळींच्या वेंधळेपणात जमा केलं.

सगळ्यात शेवटी आला सुरण. वसतिगृहामागच्या जमिनीत सेल्वमणींच्या विद्यार्थिनींनी लावलेला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा, हत्तीच्या पावलाएवढा. सबनीसांचा जीव त्याच्यावर जडला. याला एक खाजगी कारण होतं. आयुष्यभर खुर्चीवर बसून बँकेची सेवा केल्याबद्दल त्यांना पेन्शनखेरीज मूळव्याधही मिळाली होती. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगत होते आणि अर्चनाबाई सुरण. ते मीटिंगमध्ये उभेच राहत. उभ्याने विचार चांगला सुचतो, असं त्यांनी पसरवून ठेवलं होतं.

“पहिली बोली आमचे सबनीस सार लावतील!” कुलगुरू म्हणाले.

“ऐंशी,” सबनीस म्हणाले. बाजारात दीडशेच्या खाली मिळाला नसता.

कुणीच पुढे बोललं नाही. सगळा मांडव त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसत होता. एक, दोन, तीन! टाळ्या पडल्या. सबनीसांनी पैसे मोजले, सुरण छातीशी धरला, चौफेर मान लववली आणि फाटकातून बाहेर पडून शेअर ऑटोत बसले. मागच्या टाळ्या एकदम थांबल्या, तेव्हा त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला.

घरी त्यांनी या खरेदीचं वर्णन जेवणभर केलं. अर्चनाबाईंनी अर्ध्या सुरणाची भाजी केली, अर्धा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. भाजीला चिंच कमी पडली होती. सबनीसांचा घसा असा खवखवला की वर्णन तिथेच थांबलं.

सोमवारी कॅशियर व्यंकोजी त्यांच्या टेबलाशी येऊन घुटमळला. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं आणि त्याची मराठीही तिथलीच, ‘सगळे’ला ‘अस्के’ म्हणणारी. सबनीसांशी तो हौसेने मराठीत बोले.

“सार, तो सुरण काय म्हणून घरी नेलात?”

“म्हणजे? पैसे दिले मी.”

“पैसे अस्के देतात सार. जिन्नस तिथंच ठेवायचा. मग परत बोली, परत पैसे. पाहुण्याची पहिली बोली म्हणून कोण्ही वाढवली नाही. तुम्ही परत देणार, मग खरा लिलाव सुरू होणार, म्हणून अस्के बसलेले. दर वर्षी शेवटचा जिन्नसच जास्ती पैसे आणतो. तुम्ही उचलून गेलात, मग कोण्ही तोंडच उघडलं नाही. फायनान्स ऑफिसरच नेतो म्हणजे आता हे बंद, असं समजले लोक.”

सबनीसांनी खवखवणाऱ्या घशाने विचारलं, “मग ती लिंबं?”

“एकच लिंबू, सार. पहिल्यापासून तेच.”

खोटा कागद पुढे न जाऊ देणाऱ्या माणसाने तेच लिंबू दोनदा पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं. जमलेली रक्कम तुटीच्या निम्मीही नव्हती. कुलगुरूंकडे जाऊन सरळ सांगावं म्हणून ते उठले, तर कुलगुरूच हात पुढे करत आत आले.

“सार, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. विद्यापीठ लिलावावर चालत नाही, हे शब्दही न बोलता दाखवून दिलंत. आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नसती.”

खरं सांगण्याची वेळ ती होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना हिंमतवान म्हणत होतं. सबनीसांनी मान किंचित झुकवली आणि खिडकीबाहेर बघितलं, तत्त्वनिष्ठ माणसं बघतात तसं. पुढचे काही दिवस कॉरिडॉरमध्ये लोक त्यांना वाट देऊ लागले. आपण केवढे लबाड आहोत, हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि वाट मिळते आहे ती बरीही वाटत होती.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मिस सेल्वमणी आल्या. आता या बोलणार म्हणून सबनीस सावरून उभे राहिले.

“सार, सुरण चिंचेच्या पाण्यात उकडलात ना? नाहीतर घसा धरतो. मुली विचारत होत्या.”

“हो. म्हणजे, थोडी कमी पडली.”

“अय्यो,” त्या कळवळून म्हणाल्या. मग दाराशी थांबल्या. “तुम्ही केलंत ते विचार करूनच केलं असेल. पण तुम्हाला तो आवडतो हे ठाऊक असतं ना सार, तर मुलींनी तो लिलावात ठेवलाच नसता. तुमच्या घरी आणून दिला असता.”

त्या गेल्यावर सबनीस खुर्चीत बसले आणि बसल्याचं दुखणंही त्यांना जाणवलं नाही, इतकी त्यांना स्वतःची लाज वाटली.

रात्री त्यांनी अर्चनाबाईंना सगळं सांगितलं.

“मग उद्या खरं काय ते सांगून टाका,” त्या म्हणाल्या.

“बिशपांसमोर? मूळव्याध म्हणू?”

“का? बिशप काय उभ्याने जन्म काढतात? अहो, बाईंचा विभाग बुडत चाललाय आणि तुम्हाला कसली लाज पडलीये!”

“मला हसतील.”

“एरवी हसतातच की. उद्या निदान कारण तरी असेल.”

बैठकीत कुलगुरूंनी ठराव मांडला. लिलावात पैसे जमले नाहीत, वित्त अधिकाऱ्यांनी स्वतःच्या कृतीने दिशा दाखवली आहे, सबब विभाग बंद करावा. टेबलाच्या टोकाला मिस सेल्वमणी हात जुळवून बसल्या होत्या. म्हातारे बिशप सबनीसांकडे वळले.

“तुमचं कारण तुमच्याच शब्दांत सांगा. इतिवृत्तात घालू. पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.”

सबनीस उभे होतेच. ‘आर्थिक शिस्त’ हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. ते म्हटले असते तर सगळं निर्वेध पार पडलं असतं.

“बिशप अय्या,” ते म्हणाले, “पाइल्स.”

इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेन उचलून वर बघितलं.

“मला मूळव्याध आहे. सुरण तिच्यावर चांगला. शिवाय तो स्वस्तात पडत होता. परत द्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी तुम्हा सगळ्यांहून शहाणा आहे. यात तत्त्व नव्हतं, शिस्त नव्हती. माझ्या मूर्खपणामुळे लिलाव मोडला. त्याची शिक्षा बाईंच्या विभागाला देऊ नका. आणि टिपणातलं ते आकड्यांचं वाक्य काढून टाका, ते नुसतं ऐटीत लिहिलं होतं.”

कुलगुरू टेबलाकडे बघू लागले. बिशप मात्र पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “किती वर्षं?”

“बारा.”

“माझी वीस.” मग ते खाकरले. “सगळा खाल्लात?”

“अर्धा आहे. वर्तमानपत्रात.”

“मग लिलाव मोडला कुठे? जिन्नस परत यायचा राहिलाय, एवढंच. ठराव पुढे ढकला. रविवारी घेऊन या.”

रविवारी सबनीस शेअर ऑटोतून अर्धा सुरण घेऊन आले. ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. इतकी गर्दी त्या चर्चने नाताळातही पाहिली नसेल. मूळव्याधीचा सुरण बघायला आवडीच्या कारखान्यातले लोकसुद्धा आले होते. सबनीसांनी पहिली बोली लावली, पैसे दिले आणि दोन्ही हातांनी सुरण टेबलावर परत ठेवला. मांडव हसून हसून आडवा झाला. मग तो सुकलेला, काळा पडत चाललेला तुकडा या हातातून त्या हातात दुपारभर फिरत राहिला. कुलगुरूंचा आवाज बसला, तेव्हा माईक व्यंकोजीने घेतला. शेवटची बोली बिशपांची होती आणि त्यांनी तो परत ठेवला नाही. कुणी काही म्हटलंही नाही, कारण त्यामागचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. तूट भरून निघाली. विभागाला एक वर्ष मिळालं. असल्या उत्पन्नावर संस्था चालवणं ही शुद्ध आत्महत्या आहे, हे सबनीसांचं मत अजून तेच होतं. ते त्यांनी व्यंकोजीला ऐकवलं आणि रुमालाने डोळे पुसले.

मांडव उतरत असताना कर्णबधिरांच्या शाळेतली मुलं त्यांच्याभोवती जमली. ती आपापसात एकच खूण करत होती आणि खिदळत होती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवल्यासारखे धरायचे, तोंड वाकडं करायचं आणि बूड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवायचं.

“काय म्हणतात ही?” त्यांनी विचारलं.

मिस सेल्वमणी लाल झाल्या. “काही नाही, सार.”

“सांगा तरी.”

“ही मुलं प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देतात. माणूस दिसतो तसं. हे तुमचं आहे.”

“त्या बैठकीपासून?”

“नाही सार,” त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. “तुम्ही रुजू झालात त्या दिवशी मुलांना भेटायला आला होतात आणि थोडा वेळ बसला होतात. तेव्हापासून.”

जे लपवायला सबनीसांनी एक अख्खा विभाग बुडू दिला असता, ते ही पोरं पहिल्या दिवसापासून रोज एकमेकांना सांगत होती.

मांडवातली एक खुर्ची त्यांनी ओढून घेतली. तिच्यावर बसले, दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले आणि मुलांकडे बघून, अगदी सावकाश, आपलं नाव सांगितलं.